सत्तेचाळीसचा बोअर

जालना म्हटलं की पोलाद आणि बियाणं. भंगार वितळवून त्यातून सळया काढणाऱ्या रोलिंग मिल आणि बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली महिको, या दोन गोष्टींनी कुंडलिकाकाठच्या या गावाला देशभर ओळख दिली. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण तर त्याहून जुनी, बाजारपेठेच्या भरभराटीची. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, एमआयडीसी टप्प्याटप्प्याने पसरली, मिलच्या चिमण्या वाढल्या. या सगळ्यावर भरपूर लिहून झालं आहे. मिलच्या मागच्या गल्ल्यांत, पत्र्याच्या शेडमध्ये, दोन-चार सीएनसी लेथ घेऊन बसलेल्या कारखान्यांवर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. या लेखाचा विषय त्या शेडमधलं एकच काम आहे: लोखंडात आतून भोक मोठं करून ते ठरलेल्या मापावर आणणं, म्हणजे बोअरिंग. आणि त्या मापासाठी मशीनच्या पडद्यावर भरायचा एक आकडा, म्हणजे टूल ऑफसेट.

या आकड्यावर पंचवीसशे शब्द खर्च करावेत असं त्यात काय आहे, हे सांगण्यासाठी बेअरिंगपासून सुरुवात करतो. ६२०४ नंबरचं बेअरिंग भारतातल्या कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. लहान विजेच्या मोटारींत ते सर्रास असतं. त्याचा आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. हे बेअरिंग ज्या घरात बसतं, त्या घराचा बोअर सहसा ‘सत्तेचाळीस एच-सात’ असा ड्रॉइंगवर लिहिलेला असतो. अर्थ असा, की बोअर ४७.००० पेक्षा लहान चालणार नाही आणि ४७.०२५ पेक्षा मोठा चालणार नाही. म्हणजे मोकळीक पंचवीस मायक्रॉनची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बोअर लहान झाला तर बेअरिंगची बाहेरची रिंग आवळली जाते, आतली मोकळी जागा नाहीशी होते आणि बेअरिंग तापतं. मोठा झाला तर रिंग घरातल्या घरात सरकू लागते, घर झिजतं, आवाज सुरू होतो आणि काही महिन्यांनी शेतातली मोटार ऐन पाणी द्यायच्या वेळी बंद पडते. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागेत उन्हाळ्यात मोटार बंद पडण्याचा अर्थ काय होतो, हे इथल्या वाचकाला समजावून सांगायला नको.

जालन्यात बोअरिंगचं काम दोन वाटांनी येतं. एक वाट मिलची. रोलिंग मिलमध्ये बाराशे अंशांच्या जवळपास तापलेली बिलेट एकामागून एका स्टँडमधून जाते. रोल, कपलिंग, गिअरबॉक्स, बेअरिंग धरणारे चॉक यांच्यावर अहोरात्र हादरे बसतात. एखाद्या चॉकचं घर झिजलं, कपलिंगचा बोअर फाटला, की मिल थांबते आणि तो जॉब टेम्पोत टाकून वर्कशॉपमध्ये येतो. असा जॉब एकच असतो, दुसरा मिळत नाही. दुसरी वाट मालिकेच्या उत्पादनाची. साठेक किलोमीटर पश्चिमेला छत्रपती संभाजीनगर आहे. तिथे वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, त्याभोवती सुट्या भागांचे पुरवठादार, त्यांचे पुरवठादार, आणि त्या साखळीचं एक टोक जालन्यापर्यंत येतं. जालन्याच्या एमआयडीसीत एनआरबी बेअरिंग्जचाही कारखाना आहे, त्यामुळे मायक्रॉन हा शब्द या गावाला परका नाही. मालिकेच्या कामात एकसारखे शेकडो जॉब असतात आणि प्रत्येकाचा बोअर त्याच पंचवीस मायक्रॉनच्या आत लागतो. या दोन वाटांवर ऑफसेटची भीती वेगवेगळी असते, त्याकडे पुढे येतो.

आता मशीनकडे. सीएनसी लेथमध्ये जॉब चकमध्ये धरलेला असतो आणि फिरतो. समोरच्या टरेटवर आठ-दहा टूल्स बसवलेली असतात: कुणी बाहेरून कापणारं, कुणी फेस मारणारं, एक ड्रिल, एक बोअरिंग बार. प्रत्येक टूलची लांबी वेगळी, टोक वेगळ्या ठिकाणी. प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं की बोअर ४७.०१२ करा. पण बोअरिंग बारचं टोक या क्षणी मशीनच्या मध्यरेषेपासून नेमकं किती लांब आहे, हे प्रोग्रॅमला ठाऊक नसतं. ते सांगणारा आकडा म्हणजे ऑफसेट. फॅनुक कंट्रोलवर टी०५०५ असं लिहिलं, तर पहिले दोन आकडे पाचव्या नंबरच्या टूलचे आणि पुढचे दोन पाचव्या नंबरच्या ऑफसेटचे. ऑफसेटची दोन पानं असतात. जॉमेट्रीच्या पानावर टूलची मूळ जागा आणि वेअरच्या पानावर नंतरची बारीक दुरुस्ती.

जॉमेट्री घ्यायची रीत आयटीआयच्या टर्नर ट्रेडमधल्या मुलाला शिकवली जाते ती अशी. आधी ड्रिलने भोक पाडायचं. मग हँडव्हीलने बोअरिंग बार आत नेऊन दहा-बारा मिलिमीटर खोलीपर्यंत हलका कट घ्यायचा. मग बार फक्त झेडमध्ये (मध्यरेषेला समांतर) सरळ बाहेर आणायचा, एक्सला (व्यासाच्या दिशेला) हात लावायचा नाही. स्पिंडल थांबवायचा, बोअर मोजायचा. समजा तो ४५.३६ भरला. जॉमेट्रीच्या पानावर त्या टूलच्या ओळीत कर्सर नेऊन एक्स ४५.३६ टाइप करायचं आणि मेजरची कळ दाबायची. बाकी हिशेब कंट्रोल करतो. झेडसाठी टिप जॉबच्या फेसला हलकेच लावायची आणि झेड शून्य मेजर करायचं. या झेडवर बेअरिंग टेकणारी पायरी किती खोल येणार हे ठरतं, म्हणून तिथेही घाई चालत नाही.

एक्सला हात लावायचा नाही, हे वाक्य शिकाऊ मुलाला पुन्हा पुन्हा का ऐकावं लागतं? बाहेरून कापण्याची सवय झालेला हात कट संपला की टूल आपल्याकडे, म्हणजे एक्स वाढवून, दूर घेतो. बोअरमध्ये तीच हालचाल टूलला थेट भिंतीत घुसवते. बोअरमधून सुटायचं तर आधी मध्याकडे, म्हणजे एक्स कमी करत, आणि मग बाहेर. त्यातही बारची पाठ पलीकडच्या भिंतीला घासू नये एवढीच जागा. बाहेरचं सगळं इथे उलटं होतं. नोज रेडियसची, म्हणजे टिपच्या टोकाच्या गोलाईची, भरपाई बाहेर जी४२ ने होते, बोअरमध्ये जी४१ ने. टिपच्या दिशेचा आकडा, जो ऑफसेटच्या पानावर टी या स्तंभात भरतात, बाहेरच्या टूलला तीन असतो आणि बोअरिंग बारला दोन. रेडियसचा आकडा चुकला तरी सरळ बोअर बरोबर येतो. चुकतात ते चॅम्फर (तिरकी कड) आणि टेपर (उतार), आणि म्हणूनच ही चूक उशिरा सापडते.

पानावरच्या आकड्याइतकाच टिपचा खरा रेडियसही दुर्लक्षिला जातो. ६२०४ च्या घरात पायरीच्या कोपऱ्यातली गोलाई एक मिलिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर बेअरिंगची कड कोपऱ्यात अडकते आणि बेअरिंग पायरीला टेकतच नाही. ०.४ किंवा ०.८ च्या टिपने हा कोपरा ठीक निघतो. घाईत कुणी १.२ ची टिप लावली, तर बोअर मापात, खोली मापात, आणि तरीही जॉब निकामी.

इथपर्यंतची सगळी माहिती मशीनच्या पुस्तकात आहे. सेटरचं, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराचं, खरं काम यापुढे सुरू होतं आणि ते पुस्तकातून येत नाही, असं माझं ठाम मत आहे. जॉमेट्रीचा आकडा टूल कुठे उभं आहे ते सांगतो. आपल्याला हवं असतं ते टूल कुठे कापेल ते. बाहेरच्या टर्निंगमध्ये या दोन्हींत फार अंतर पडत नाही, कारण टूल जाड आणि आखूड असतं. बोअरिंगमध्ये पडतं, कारण बोअरिंग बार एका टोकाला धरलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असतो. लांब काठीने झाडावरचा आंबा पाडताना काठी जितकी लांब, तितकं तिचं टोक हाताचं ऐकत नाही. बारचं तेच होतं. कापताना लोखंड टिपला मागे ढकलतं, बार वाकतो आणि बोअर सांगितल्यापेक्षा लहान निघतो.

हे वाकणं किती, याचा नियम सरळ आहे आणि तो निर्दय आहे. बार धारकाच्या बाहेर जितका निघतो, त्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात तो वाकतो. लांबी दुप्पट केली तर वाकणं आठपट. ७५ मिलिमीटर बाहेर काढलेला बार १०० मिलिमीटर काढला, म्हणजे फक्त पंचवीसने वाढवला, की त्याच जोरात तो जवळजवळ दोन पूर्णांक चार पट वाकतो. जाडीचा परिणाम याहून तीव्र, चौथ्या घाताचा. २५ मिलिमीटरच्या बारऐवजी हाताशी आहे म्हणून २० चा लावला, तर वाकणं पुन्हा साधारण तेवढ्याच पटीने वाढतं. म्हणून पोलादी बार त्याच्या व्यासाच्या तीन-चार पटींपेक्षा जास्त बाहेर काढू नये, कार्बाइडचा सहा पटींपर्यंत चालतो, त्यापुढे आत कंपनरोधक बसवलेले महागडे बार लागतात. जालन्याच्या शेडमध्ये हे महागडे बार नसतात. तिथे असतं ते एक वाक्य, ‘बार जेवढा लागतो तेवढाच बाहेर काढ.’ धारकाचे स्क्रू सैल करून बार दहा मिलिमीटर आत ढकलणं हा फुकटातला उपाय आहे, आणि बोअरमध्ये उठणाऱ्या चॅटरच्या, म्हणजे कंपनाच्या, रेषांवर बहुतेक वेळा तोच लागू पडतो. बार आत ढकलला की जॉमेट्री पुन्हा घ्यावी लागते. घाईत तेवढंच राहून जातं.

बारच्या या वाकण्याशी माणसाची झुंज अडीचशे वर्षं जुनी आहे. जेम्स वॉटचं वाफेचं इंजिन कागदावर तयार होतं, पण त्याचा सिलिंडर इतका वेडावाकडा यायचा की दट्ट्याच्या कडेने वाफ निसटायची. जॉन विल्किन्सनने १७७४ मध्ये तोफा बोअर करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी वॉटसाठी सिलिंडर बोअर करून दिला. सिलिंडरसाठी त्याने बार आरपार घातला आणि दोन्ही टोकांना आधार दिला. वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन याने १७७६ मध्ये लिहिलं, की पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. त्या काळी ही थोर गोष्ट होती आणि औद्योगिक क्रांतीचं एक चाक या बोअरवर फिरलं, असं म्हणणं अतिशयोक्तीचं नाही. पण विल्किन्सनची सोय लेथवरच्या सेटरला मिळत नाही. त्याचा जॉब एका बाजूने चकमध्ये बंद असतो. दुसऱ्या टोकाला आधार द्यायला जागाच नसते. म्हणून बारचं वाकणं त्याला हटवता येत नाही, ते आकड्यात धरून चालावं लागतं.

ते कसं धरतात, हे पाहण्यासारखं आहे. समजा एकाच बारने रफ आणि फिनिश दोन्ही करायचं आहे. प्रोग्रॅममध्ये रफचा बोअर ४६.७, फिनिशचा ४७.०१२. जुना सेटर पहिला जॉब लावताना वेअरच्या पानावर एक्समध्ये उणे ०.३०० टाकतो. कारण साधं आहे. लहान राहिलेला बोअर पुन्हा कापता येतो, मोठा झालेला लहान करता येत नाही. आता मशीन रफला ४६.४ आणि फिनिशला ४६.७१२ वर जायला बघतं. कट झाला, जॉब पुसला, बोअर मोजला. तो भरला ४६.६९०. म्हणजे अपेक्षेपेक्षा बावीस मायक्रॉन लहान. हे बावीस मायक्रॉन म्हणजे त्या दिवशी, त्या बारचं, त्या मटेरियलमध्ये, त्या फीडला झालेलं वाकणं आणि जॉमेट्री घेताना राहिलेला उरलासुरला फरक, दोन्ही मिळून.

मग हिशेब. हवं आहे ४७.०१२, आहे ४६.६९०, फरक अधिक ०.३२२. उणे ०.३०० मध्ये तो मिळवला की वेअर होतं अधिक ०.०२२. सायकल पुन्हा चालवली, की रफचा कट निसटता जातो आणि फिनिशला पुन्हा पूर्वीइतकंच, साधारण ०.३ मिलिमीटर मटेरियल मिळतं. पहिल्या खेपेलाही फिनिशच्या टिपसमोर एवढंच मटेरियल होतं, म्हणून बार पुन्हा तितकाच वाकतो आणि बोअर ४७.०१२ च्या आसपास येऊन थांबतो. या कामातली खरी हुशारी उणे ०.३ हा आकडा निवडण्यात आहे. कुणी धीटपणाने उणे ०.०५ टाकलं, तर दुसऱ्या खेपेला फिनिशसमोरचं मटेरियल बदलतं, त्याबरोबर वाकणं बदलतं आणि काढलेली दुरुस्ती खोटी ठरते. बारने किती वाकावं हे आपल्या हाती नाही, पण प्रत्येक वेळी सारखं वाकावं एवढी व्यवस्था करता येते. एकदा ते सारखं झालं, की ऑफसेट त्याला पोटात घेतो.

याच पानावर जालन्यातलेच काय, कुठल्याही शेडमधले सर्वांत महागडे अपघात घडतात. वेअरच्या रकान्यात उणे ०.३०० आहे, त्यात ०.३२२ मिळवायचे आहेत. त्यासाठी ०.३२२ टाइप करून ‘प्लस इनपुट’ दाबायचं असतं. शेजारीच ‘इनपुट’ आहे. ते दाबलं तर जुना आकडा पुसला जातो आणि तिथे सरळ ०.३२२ येतो. पुढच्या सायकलला बोअर ४७.३ च्या वर जातो. मशीन तक्रार करत नाही, आवाज नेहमीसारखाच असतो, चकाकीही छान येते. मालिकेच्या कामात हा एक जॉब लाल डब्यात जातो आणि सुपरवायझर बोलतो. मिलचा चॉक असेल तर गोष्ट वेगळी. मग बोअर अजून मोठा करून त्यात बुश ठोकावा लागतो, तो बुश पुन्हा बोअर करावा लागतो, आणि तोवर मिल उभी असते. म्हणून दुरुस्तीच्या जॉबवर बसणारा जाणता माणूस आकडा टाकल्यावर पडद्याकडे पुन्हा बघतो, मग सिंगल ब्लॉक लावून, म्हणजे प्रोग्रॅम ओळीओळीने थांबवत, फीड कमी करून, टिप भोकाच्या तोंडाशी थांबवतो आणि तिथला एक्सचा आकडा वाचूनच पुढे जातो.

‘गडबड कशाची आहे? जॉब काय पळून चाललाय का?’ हे अशा वेळी नव्या पोराला ऐकावं लागणारं वाक्य. बोलणारा मामा किंवा दादा असतो, सर क्वचित. आयटीआयमधून आलेलं पोर भोकरदन, जाफराबाद किंवा परतूरच्या गावातून सकाळच्या एसटीने येतं. पहिले काही महिने ते जॉब लावतं, काढतं, हवा मारून पुसतं, प्लग गेजचं ‘गो’ टोक घालून बघतं. ऑफसेटच्या पानाला हात लावायची परवानगी नंतर मिळते. त्या परवानगीने ऑपरेटरचा सेटर व्हायला सुरुवात होते. माझ्या मते ही या धंद्यातली खरी पदवी आहे, पण तिचा कागद कुठे मिळत नाही आणि बऱ्याच शेडमध्ये पगारातही ती नीट दिसत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं की संगणकावर चालणारं मशीन आहे, बटण दाबलं की काम होतं. बटण दाबण्याआधी जो विचार होतो त्याला मोल देण्याची सवय आपल्या उद्योगाला लागायला हवी. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीतल्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत पद्धतशीर शिक्षण मिळतं, पण तिथपर्यंत पोचणाऱ्या पोरांपेक्षा शेडमध्येच शिकणारी पोरं कितीतरी जास्त आहेत. त्यांच्यासाठी कंट्रोलचं पुस्तक इंग्रजीत, पडदा इंग्रजीत, आणि वाकणाऱ्या बारचं शहाणपण कुठल्याच भाषेत लिहिलेलं नाही. मराठीत हे लिहिलं गेलं पाहिजे, टिपा, आकडे आणि उदाहरणांसह.

मोजण्याविषयी बोलल्याशिवाय ऑफसेटचं बोलणं पुरं होत नाही. ऑफसेटमध्ये भरायचा आकडा मापातून येतो, आणि आतलं माप बाहेरच्या मापाहून अवघड. व्हर्नियरने बोअर मोजून मायक्रॉनचा ऑफसेट टाकणारा माणूस फक्त स्वतःची समजूत काढत असतो. बोअर गेज आधी नेमक्या मापाच्या मास्टर रिंगमध्ये शून्यावर लावायचं, मग बोअरमध्ये घालून पुढे-मागे झुलवायचं. काटा एका दिशेने जातो आणि एका जागी उलटतो. तो उलटतो तिथलं माप खरं. दोन दिशांना मोजलं तर बोअर लंबगोल आहे का, तेही कळतं; चकच्या जबड्यांनी आवळून तिकोनी केलेला बोअर मात्र अशा मापात लपतो. पातळ भिंतीचा जॉब चकमध्ये मापात असतो आणि काढल्यावर मापातून जातो, तो या आवळण्यामुळे. त्याला ऑफसेट उपाय नाही. सॉफ्ट जॉ, म्हणजे चकचे मऊ जबडे, जॉबच्या मापाला बोअर करून घ्यावे लागतात आणि चकचा दाब कमी करावा लागतो.

आणि उष्णता. लांबी मोजण्याचं जगभर मानलेलं तापमान २० अंश सेल्सिअस आहे. जालन्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखाली त्याहून वर जातो. पोलाद एका अंशाला, एका मीटरमागे साडेअकरा मायक्रॉनच्या आसपास वाढतं. जॉब आणि मास्टर रिंग दोन्ही पोलादी आणि दोन्ही सारख्याच तापलेल्या असतील, तर फार बिघडत नाही, दोन्ही सारखीच फुगतात. घोटाळा होतो तो कटनंतर गरम असलेला जॉब आणि टेबलावरची थंड रिंग यांची तुलना केल्यावर. वीस अंशांचा फरक असेल तर ४७ च्या बोअरला जवळजवळ अकरा मायक्रॉनचा खोटा मोठेपणा येतो, म्हणजे पंचवीसातले अकरा. ऑपरेटर म्हणतो बोअर मोठा झाला, ऑफसेट कमी करतो, आणि तासाभराने थंड झालेल्या जॉबमध्ये बेअरिंग जात नाही. शहाण्या शेडमध्ये जॉब कूलंटखाली किंवा पाण्याच्या घमेल्यात थंड करूनच मोजतात.

मशीनही तापतं. सकाळी पहिल्या शिफ्टला थंड असलेला बॉलस्क्रू दोन तासांत तापतो आणि लांबतो. साधा हिशेब करून पाहू. २०० मिलिमीटर लांबीचा स्क्रू पाच अंशांनी तापला तर साडेअकरा मायक्रॉन वाढला. एक्स अक्षावर हा फरक त्रिज्येत पडतो, व्यासात दुप्पट, तेवीस मायक्रॉन. म्हणजे जवळजवळ सगळी मोकळीक एकट्या स्क्रूने खाल्ली. प्रत्यक्षात मशीनच्या बांधणीवर बरंच अवलंबून असतं, पण जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिला जॉब वेगळा का येतो याचं उत्तर इथे आहे. म्हणून पहिली शिफ्ट सुरू होताना जॉब न लावता मशीन पंधरा-वीस मिनिटं नुसतं चालवतात. मालकाला ही वीस मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात. वीज गेली तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून.

मालिकेच्या कामात ऑफसेटचा तिसरा शत्रू म्हणजे टिपची झीज. टिप झिजते तशी तिची धार मागे सरते आणि बोअर हळूहळू लहान होऊ लागतो. ऑपरेटर दर काही जॉबनंतर मोजतो आणि वेअरमध्ये तीन, पाच, पाच असे मायक्रॉन मिळवत जातो. चांगल्या शेडमध्ये मशीनला दोरीने बांधलेली एक वही असते. जॉबचा नंबर, मापलेला बोअर, टाकलेला ऑफसेट, वेळ. ही वही बघून टिपची कड कधी बदलायची ते आधीच कळतं. कड बदलली की खरा धोका. झिजलेल्या कडेसाठी साठवलेले, समजा, अधिक ०.०४० वेअरमध्ये तसेच आहेत आणि आता समोर नवी, न झिजलेली धार आली. पहिलाच बोअर चाळीस मायक्रॉन मोठा. रात्रपाळीत सर्वांत जास्त जॉब वाया जाण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे: कड बदलणारा एक, ऑफसेट टाकत आलेला दुसरा, आणि मधे शिफ्ट बदललेली. म्हणून कड बदलण्याआधी वेअर मागे घ्यायचं, वर सुरक्षेसाठी थोडं उणे ठेवायचं, पहिला जॉब मोजायचा आणि दुसराही मोजायचा. नव्या कडेची अगदी पहिली बारीक झीज लवकर होते, त्यामुळे एका जॉबवर विसंबता येत नाही.

हे सगळं आपोआप करणारी साधनं आता आली आहेत. टरेटवरच्या टूलचं टोक टेकवलं की जॉमेट्री स्वतः भरणारा टूल सेटर आर्म नव्या मशीनला बसवून मिळतो. बंगळूर, राजकोट, कोइमतूर इथल्या भारतीय कंपन्यांच्या लेथवरही तो घेता येतो. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेव्हापासून माणसाचा हात मशीनपासून थोडा थोडा दूर जातच आहे, आणि त्यात वाईट काही नाही. आर्ममुळे दहा टूल्सची जॉमेट्री काही मिनिटांत होते, टिप टेकली का हे बघायला कागदाचा तुकडा तिच्याखाली धरायची गरज उरत नाही, बोटं वाचतात. ज्या शेडला परवडतो त्याने तो जरूर घ्यावा.

पण आर्मला टेकताना बारवर कटचा जोर नसतो. तो न वाकलेल्या बारचं टोक मोजतो. आपल्या उदाहरणातल्या बावीस मायक्रॉनपैकी वाकण्याचा वाटा त्याला दिसणं शक्य नाही. टरेटवर प्रोब बसवून बोअर मशीनमध्येच मोजण्याची सोयही आहे, पण तो प्रोब हलतो त्याच स्क्रूवर, जो सकाळपासून तापत आलेला आहे. ज्या फुटपट्टीने कापलं त्याच फुटपट्टीने मोजलं, तर तिचं लांबणं मापात दिसत नाही. त्यासाठी ठरावीक वेळाने प्रोबला मशीनमध्येच बसवलेल्या मास्टर रिंगवर नेऊन तपासावं लागतं. ती रिंग किती वेळाने दाखवायची, हे पुन्हा कुणीतरी त्या शेडचं तापमान आणि त्या मशीनचा स्वभाव पाहून ठरवायचं असतं. प्रोब असलेल्या मशीनवरही दर काही जॉबमागे एक बाहेर काढून, थंड करून, हातातल्या बोअर गेजने मोजायची पद्धत म्हणूनच चालू आहे, आणि तो आकडा वहीत प्रोबच्या आकड्याशेजारी लिहिला जातो. दोन्हींतला फरक वाढायला लागला, की आधी मास्टर रिंग पुसून प्रोब तपासायचा, आणि तोवर ऑफसेटला कुणी हात लावायचा नाही.